दातांतलं माहेर

मला पाहायला आलेल्या दुसऱ्या स्थळातल्या एका काकांनी चहाची बशी खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, "पोरगी खर्रा खाते का?"

बाबा कावरेबावरे झाले. मोठी माय स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. उत्तर दिलं ते आजीनं, भिंतीला पाठ लावून कापसाच्या वाती वळता वळता. "खर्रा नाई खात बाप्पा. आमच्या बोरिंगचं पाणी पेते."

पाहुणे हसले, पण स्थळ काही जमलं नाही. तिसरं जमलं. लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत दात दाखवून हसलेली नाही. फोटोग्राफर बिचारा "ताई, जरा हसा ना" म्हणून थकला.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला आमच्याकडचा राष्ट्रीय पदार्थ. बोरिंग म्हणजे हातपंप. दोन्हींनी दात तपकिरी होतात, पण दोन्हींची तऱ्हा वेगळी. खर्ऱ्याचा रंग हिरडीच्या कडेला आणि फटींत साचतो, खरवडला तर निघतो. माझ्या दातांवर खडूच्या पाण्यासारखे पांढरट ढग आहेत आणि त्यांवरून आडवे तपकिरी पट्टे गेलेत. डाव्या दातावर पट्टा जिथं आहे, बरोबर त्याच उंचीवर तो उजव्या दातावरही आहे. यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात देऊन मला हे दाखवलं तेव्हा मी तिशीत होते. तीस वर्षं रोज आरशात बघूनही ही जोडी माझ्या लक्षात आली नव्हती. "हे डाग लागलेले नाहीत," त्या म्हणाल्या, "दात विणतानाच पडलेत. लुगड्याच्या काठासारखे."

दाताचं वरचं कवच, एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. शंभरातले ९६ भाग निव्वळ खनिज. पेशी ते थरावर थर देत बांधतात आणि दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत त्या पेशी मरून गेलेल्या असतात. घर बांधून झालं की गवंडी गाव सोडून गेला, तसं. म्हणून हाड मोडलं तर सांधतं, नख तुटलं तर वाढतं, पण दाताचं कवच गेलं ते गेलं. पुढच्या कायमच्या दातांचं हे बांधकाम जन्मानंतर काही महिन्यांत सुरू होतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतं. तेही जबड्याच्या आत, समोर दुधाचे दात हसत असताना. त्या वर्षांत पोटात जे पाणी गेलं, जो ताप आला, जी उपासमार झाली, त्याची नोंद थरांत होते. सातव्या वर्षी उगवलेला दात तिसऱ्या वर्षाची बातमी घेऊन येतो.

हे कळलं त्या दिवशी एसटीत बसून मी सासरी परत येत होते आणि एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. लग्नात माझं आडनाव बदललं, रेशनकार्ड बदललं, मतदार यादीतलं गाव बदललं. भाजीत तिखट किती टाकायचं तेही बदललं. दात मात्र अजून माहेरीच आहेत.

माझं माहेर पांढरकवड्याकडचं. या भागातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याची नोंद भूवैज्ञानिकांनी केव्हाच करून ठेवली आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा इलाजच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त झालं की कवच विणणाऱ्या पेशींचं काम बिघडतं. कवच घट्ट न होता सच्छिद्र राहतं, आणि दात बाहेर आल्यावर त्या छिद्रांत रंग उतरतो.

आता यात दोष कोणाला द्यायचा? मी बराच काळ बोरिंगलाच देत होते. पण आजीनं एकदा मला झापलं. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर खोदले गेले. त्याआधी तिनं डबक्याचं, नदीचं, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं होतं. पटकीनं एका आठवड्यात घरातली दोन माणसं गेलेली तिनं पाहिली होती, आणि पायातून निघणारा नारू काडीवर गुंडाळत बसलेला तिचा दीरही. नारू आता देशात नाही. शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. त्यात पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवण्याचा मोठा वाटा होता. "बोरिंग आली तं पोट्टे जगले," आजी म्हणाली. "दात काळे झाले तं झाले. मेलेल्याचे दात पांढरे असून काय कराचं?"

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

आमच्या घरासमोरच बोरिंग होती. मोठ्या बाबांचं घर वावरात, तिथं आबाजींच्या काळातली विहीर. चुलत भावंडं आणि आम्ही एकाच आजोबांची नातवंडं. नाक तेच, कपाळावरची केसांची भोवरी तीच, हसताना डावा डोळा बारीक होतो तोही तसाच. पण त्यांचे दात पांढरेशुभ्र आणि आमचे पट्टेदार. शाळेत गुरुजी तोंड उघडायला लावून सांगायचे, हा बोरिंगवाला, हा विहीरवाला. मानववंशशास्त्राची पुस्तकं मी नंतर वाचली, पण त्यातला पहिला धडा गुरुजींनी तिथंच दिला होता. दाताचा आकार घराण्यातून येतो आणि त्याचं नशीब पाण्यातून.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली तिथं गेला, तर गावात वाढलेल्या माणसांचे दात त्याला माझ्यासारखे तपकिरी दिसले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांचे मात्र साफ. कारण सापडायला तीस वर्षं लागली. १९३१ साली पाण्यातलं फ्लोराइड हे त्याचं मूळ निघालं. मॅकेला आणखी एक गोष्ट दिसली होती, हे डागाळलेले दात किडत कमी. त्यावरून पुढं १९४५ पासून अमेरिकेतली शहरं नळाच्या पाण्यात मोजून मापून फ्लोराइड घालायला लागली. आणि इकडं नागपूरच्या नीरी या संस्थेत पाण्यातून ते काढायची रीत बसवली गेली, तुरटी आणि चुना टाकून. नालगोंडा पद्धत म्हणतात तिला. त्यांनी घालायचं, आम्ही काढायचं. मात्रेचा काय तो फरक.

आजीचे दात मात्र आमच्यात कोणासारखेच नव्हते. तिचं माहेर पैनगंगेच्या काठचं, बालपण नदीच्या पाण्यावर गेलेलं, त्यामुळं डाग नव्हता एकही. पण झिजून झिजून ते सपाट झालेले. वरचे खालच्यांवर काठाला काठ लागून बसायचे, जात्याच्या दोन दगडांसारखे, आणि मधोमध पिवळट गाभा दिसायचा. उपमा मी उगीच देत नाही. जात्याला टाकी लावून घेतली की पुढचे चार दिवस भाकर दातांखाली कचकच करायची, असं ती सांगायची. दगड पीठ दळायचा आणि पिठातला दगड दात दळायचा. जुन्या उत्खननांत सापडलेल्या शेतकऱ्यांच्या कवट्यांतही दात असेच घासलेले आढळतात, आणि अभ्यासक त्यावरून धान्य कशावर दळलं जात होतं याचा अंदाज बांधतात. आजीच्या बाबतीत अंदाज बांधायची गरज नव्हती. जातं अजून पडवीत आहे, त्यावर मिक्सर ठेवलाय.

आता जरा जीभ कामाला लावा. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागच्या बाजूला जीभ फिरवा. दोन्ही कडा उचललेल्या आणि मध्ये खोलगट भाग लागतो का? शास्त्रज्ञ याला फावड्याच्या आकाराचा दात म्हणतात. मला विचारलं असतं तर मी सूप म्हटलं असतं, कारण फावड्यापेक्षा सुपाच्याच कडा अशा वळलेल्या असतात. अलेश हर्डलिच्का या मानववंशशास्त्रज्ञानं १९२० साली या दातांवर सविस्तर लिहिलं. चीन, मंगोलिया, जपान आणि अमेरिका खंडातले मूळ रहिवासी यांच्यात हे सूप ठळक आणि सर्रास. युरोप-आफ्रिकेत ठळक सूप क्वचितच. आशियातून बेरिंगच्या वाटेनं माणसं अमेरिकेत गेली, या गोष्टीचा एक पुरावा असा त्यांच्या तोंडातच होता.

हे सूप कशामुळं पडतं, तर बऱ्याच अंशी ईडीएआर नावाच्या एका जनुकातल्या छोट्या बदलामुळं. हा बदल साधारण तीस हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात झाला असावा. २०१३ साली तोच बदल उंदरांत घडवून पाहिला, तर उंदरांचे केस जाड झाले आणि घामाच्या ग्रंथी वाढल्या. म्हणजे एकच जनुक केस, घाम आणि दात अशा तिन्ही खात्यांत ढवळाढवळ करतं. मग निसर्गानं त्याला निवडलं ते कशासाठी? २०१८ साली लेस्ली ह्लुस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की आईच्या दुधासाठी असावं. हेच जनुक स्तनातल्या दुधाच्या नलिकांच्या फांद्याही वाढवतं. उत्तर ध्रुवाजवळच्या अंधाऱ्या मुलखात ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्व नाही, आणि बाळापर्यंत जे पोचायचं ते दुधातूनच. अशा जागी ज्या आयांचं दूध बाळाला जास्त पुरवठा करू शकलं, त्यांची लेकरं तगली. हे खरं असेल तर दातांचं सूप नुसतं दुधामागं फरफटत आलं. दाताला त्यात काहीच म्हणायचं नव्हतं.

मला हे फार आवडलं. गोष्ट दातांची आणि कारण आईच्या पदराखाली.

दुसरी खूण वरच्या पहिल्या मोठ्या दाढेची. तिच्या जिभेकडच्या अंगाला एक छोटा जादाचा उंचवटा काहींना असतो. जॉर्ज काराबेली या ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या दंतवैद्यानं १८४२ साली त्याचं वर्णन केलं म्हणून तो काराबेलीचा उंचवटा. युरोपीय लोकांत तो जास्त आढळतो. पांढरकवड्याजवळच्या एका कुणब्याच्या घरात काराबेलीचं काय काम, असं वाटेल. पण डॉक्टरीणबाईंना माझ्या दाढेत तो सापडला. मग मी घरी येऊन बाबांना तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा टॉर्च मारला, तर त्यांच्याही. आजीनं तोंड उघडायला साफ नकार दिला. "तुले काय मी बैल वाटतो का, दात पाहाले?"

बैलाचे दात बघूनच सौदा होतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. कापूस विकून बाजारातून बैल आणताना आबाजी आधी त्याचा ओठ वर करायचे. मला पाहायला आलेल्या काकांनी वेगळं काय केलं होतं?

दातांचा हा अभ्यास वाचताना एक भीतीही वाटली. ज्या देशात रिस्ले नावाच्या इंग्रज साहेबानं नाकं मोजून जातींची उतरंड लावली आणि १९०१ च्या जनगणनेचं काम पाहिलं, तिथं दात मोजायला निघालेला माणूस कुठं पोचेल सांगता येत नाही. लग्नाच्या पंगतीत आमचे एक मामाजी ठासून सांगत होते, "आपल्या लोकाईचे दातच मजबूत. रक्तात हाय ते." त्यांच्या स्वतःच्या खालच्या तीन दाढा गेलेल्या, आणि ताटातला शेवेचा लाडू ते पुढच्या दातांनी कुरतडत होते. रक्तात काही असतं, नाही असं नाही. पण सूप असो की काराबेली, अशी खूण बहुतेक सगळ्याच समाजांत सापडते, फक्त कुठं दहांत एकाला आणि कुठं दहांत आठांना. शंभर तोंडं पाहून एखाद्या समूहाबद्दल अंदाज करता येतो. एका तोंडावरून त्या माणसाचं गोत्र सांगणारा आणि पोपटवाला ज्योतिषी यांत मला फरक दिसत नाही.

शिवाय रक्ताचा हिशेब जबड्यापाशी येऊन चुकतो. माझ्या नागपूरच्या भाचीला तारा बसवल्यात. दात एकावर एक चढलेले, अक्कलदाढेला जागाच नाही. तिच्या आईला असं नव्हतं, आजीला तर नव्हतंच. तीन पिढ्यांत रक्त एवढं बदलत नाही. रॉबर्ट कोरुचिनी या अभ्यासकानं १९८० च्या दशकात चंदीगड भागात शहरातली आणि खेड्यातली मुलं तपासली होती. वंश एकच, पण वेडेवाकडे दात शहरातल्या मुलांत जास्त. त्याचं म्हणणं, लहानपणी चावायला लागलं की जबडा वाढतो. आजीचा जबडा ज्वारीची शिळी भाकर, फुटाणे, कच्ची बोरं, ऊस, वाळवलेल्या मोहफुलांवर वाढला. भाचीचा चहात बुडवलेल्या टोस्टवर आणि मऊ पोळीवर. दातांचा आकार मुख्यतः आईबापांकडून ठरून येतो, जबडा मात्र खाण्याची वाट बघत थांबतो. वाट पाहून पाहून तो आखडतो आणि आत बत्तीस पाहुण्यांना आठ खाटा उरतात.

मऊ अन्नाचा अजून एक गमतीचा दावा आहे. दात झिजले नाहीत तर वरचे दात खालच्यांच्या थोडे पुढं राहतात, आणि मग खालचा ओठ वरच्या दातांना सहज टेकतो. ओठ-दातांनी काढायचे आवाज माणसाच्या भाषांत शेती आणि मऊ अन्न आल्यावर वाढले, असं २०१९ साली काही भाषाशास्त्रज्ञांनी मांडलं. आजी 'फोटो' म्हणताना दोन्ही ओठ मिटून 'फ' सोडते, माझी लेक खालचा ओठ दाताला लावून. पण लेकीचा 'फ' इंग्रजी शाळेतून आलाय, जबड्यातून नाही, तेव्हा आमच्या घराचा दाखला कोणी त्या शास्त्रज्ञांना कळवू नये.

मला खरं खिळवून ठेवलं ते मेलेल्यांच्या दातांनी. प्रत्येक मुलखातल्या खडकात स्ट्रॉन्शियम नावाच्या मूलद्रव्याच्या दोन जातींचं प्रमाण वेगवेगळं असतं. खडकातून ते पाण्यात येतं, मातीत येतं, पिकात येतं आणि लहानपणी दाताच्या कवचात जाऊन बसतं. हाडं आयुष्यभर बदलत राहतात, कवच नाही. तेव्हा पुरलेल्या माणसाचा दात तपासला की तो कुठल्या मुलखात वाढला याचा माग लागतो. हडप्प्याच्या दफनभूमीतले दात असे तपासले, आणि त्यांतली बरीच माणसं तिथं वाढलेली नव्हती, लहानपण दुसरीकडं काढून शहरात आली होती, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं. चार-साडेचार हजार वर्षांनीही त्यांच्या तोंडात त्यांचं गाव होतं. आपल्याकडं पुण्याजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लेकरं उकरली, आणि त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरच्या बारीक खळग्यांवरून त्या बाळांची आबाळ वाचली. तीन हजार वर्षांपूर्वीची बाळं. त्यांना नाव नाही, पण कुठल्या महिन्यात दूध कमी पडलं ते दातावर लिहिलेलं.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचा वरचा पुढचा दात पडला. आठवडाभर जिभेनं ढकलत होती. शेवटी पेरू खाताना तो पेरूतच राहिला. पांढरा, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, खाली रक्ताचा ठिपका. आमचं घर वर्ध्यात, नळाचं पाणी, डाग असायचं कारण नव्हतंच. मी तो उन्हात धरून मागून पाहिला. दोन्ही कडा अगदी पुसट उचललेल्या. सूप म्हणावं की म्हणू नये, असं.

दुधाच्या दातांचं काम पोटातच सुरू होतं, चौथ्या महिन्यापासून. जन्माच्या धक्क्यानं त्यात एक रेघ उमटते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. रेघेच्या आतलं कवच पोटातलं, बाहेरचं जगातलं. आणि वरच्या पुढच्या दाताचं कवच पुरं होतं जन्मानंतर साधारण दीड महिन्यानं.

मी बोटांवर मोजलं. सातव्या महिन्यात चोळी होऊन मी माहेरी गेले होते. बाळंतपण तिथलंच. सव्वा महिना झाल्यावर खोबऱ्याची वाटी घेऊन निघायचं ठरलं होतं, पण पाऊस लागला आणि मी अजून पंधरा दिवस राहिले. पाणी माझ्यासाठी बाबा फिल्टरची कॅन आणायचे, आजी नाक मुरडायची. पण ज्वारी वावरातली होती. मेथी, डिंकाच्या लाडवातली खारीक सोडली तर बाकी सगळं तिथल्याच मातीतलं. वर्ध्यातच वाढलेल्या या पोरीच्या दाताचा शेवटचा हात तिकडं फिरलेला.

"आई, दे ना, उंदरासाठी टाकू," ती हात पुढं करून उभी. लहानपणी आम्ही पडलेला दात छपराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, फेकायचो आणि ओरडायचो, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे. इथं वर सिमेंटची स्लॅब. तिथं फेकला तर कावळा नेईल, नाहीतर पाण्याच्या टाकीमागं पडून राहील.

कुंकवाची रिकामी डबी धुऊन पुसली. आत कापूस घातला, दात ठेवला. आजीला फोन लावला. आता तिच्या तोंडाचं बोळकं झालंय, 'स' चा 'श' होतो.

"दात पडला व माय पोरीचा. दिवाळीत घेऊन येते, आपल्या कवेलूवर टाकू."

"कोणता पडला? वरचा?"

"वरचा."

"मंग आनजो," ती म्हणाली, "पन पाऊश झाल्यावर ये. कवेलू फेरायचे हायेत."